हलगी पडद्यापुढं

विश्रांतवाडी, पुणे
१९ ऑगस्ट १९८६

तीर्थरूप आबा,
तुमच्या आणि आईच्या पाया पडतो.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं. खोली थोडी गळते, पण अंथरूण कोरडं राहतं. आईचे गुडघे कसे आहेत?

शनिवारी नाटकाचा पहिला प्रयोग झाला. थिएटरात जाळ करू देत नाहीत, मग तुमची हलगी शेकायची कशी? दिवे सांभाळणारे शमशुद्दीनचाचा म्हणाले, "आण इकडं." त्यांनी ती मोठ्या दिव्यासमोर धरली. एवढ्या ओल्या हवेतही कातडं असं ताणलं गेलं, की पहिल्याच ठोक्याला तुम्ही आठवलात.

एक गंमत सांगतो. नाटक संपलं तसा मी हलगी बगलेत मारून मागच्या दारानं बाहेर पडलो. आपली सवयच तशी. लग्नात वाजवून झालं, की मांडवाबाहेर जाऊन बसायचं. नाटक बसवणाऱ्या गुजरबाई अनवाणीच पावसात धावत आल्या. "अहो लहू, निघालात कुठं? लोक थांबलेत!" हाताला धरून त्यांनी मला सगळ्यांच्या मधोमध उभं केलं. पुण्याचे लोक टाळ्या जपून वाजवतात म्हणे. त्या दिवशी विसरले असावेत.

आबा, तुम्ही हल्ली कुठंच वाजवायला जात नाही, असं धाकट्या हौसानं कळवलं. हलगी माझ्याकडं आहे म्हणून, की कुणी काही बोललं?

पुढच्या रविवारी पुन्हा प्रयोग आहे. तुम्ही दोघं याच. पहिल्या रांगेत दोन खुर्च्या ठेवायला सांगितल्यात. मला शोधत मागं येऊ नका, आबा. पुढच्या दारानं या.

तुमचा लेक,
लहू