तीन डबकी

गुरुजी, गुडघे कसे आहेत? काकूंचा खोकला आता तरी थांबला का? आणि शाळेच्या ओट्यावर झोपणारा तुमचा तो लंगडा कुत्रा, तोही तिकडंच असेल. तुम्ही जाऊन तीस वर्षं झाली, तरी आधी विचारपूस केली, कारण पुढं मी भांडणार आहे.

उमरेडच्या शाळेत तुमची एक रीत होती. उन्हाळ्याची सुट्टी संपली की एकेकानं उभं राहायचं आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं एक काहीतरी सांगायचं. तुम्ही ते जाड वहीत नावासकट उतरवून घ्यायचे. त्या वर्षी मी मामाकडं, रत्नागिरीला जाऊन आले होते. म्हटलं, ओहोटीला खडकांत डबकी उरतात, त्यात बोटाएवढा, दगडाच्याच रंगाचा मासा असतो. तो या डबक्यातून त्या डबक्यात उडी मारतो. अशी तीन डबकी ओलांडली त्यानं. तुम्ही चष्मा वर केला. "काहून वं, खोटं बोलून राहिली? मधात खडक असते. पुढचं डबकं त्याले दिसते तरी का?" आणि माझी ओळ लाल शाईनं खोडली. लग्न होईपर्यंत मग विहिरीवर बायकांचं तेच, "काय वं उडती मासोळी, आज कोणत्या डबक्यात?"

आता ऐका. सातवीनंतर शाळा सुटली, पण सीताबर्डीच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं मिळतात, आणि वाचायला तुम्हीच शिकवलं. तिथल्याच एका पुस्तकात हा मासा सापडला. पुढचं डबकं त्याला खरंच दिसत नाही. भरतीला खडक पाण्याखाली जातात तेव्हा तो त्यांवरून पोहून खळगे ध्यानात ठेवतो, आणि ओहोटीला त्या आठवणीवर उडी घेतो. नेम चुकला तर कोरड्या दगडावर तडफड. त्याचे पोटाखालचे पर जुळून वाटीसारखे झालेले असतात, त्यानं तो लाटेतही दगडाला चिकटून राहतो. कपारीत अंडी घातली की बाप राखणीला बसतो, परांनी त्यांच्यावर पाणी हलवत. एवढासा जीव न दिसणाऱ्या पाण्यावर भरवसा ठेवतो, आणि तुमच्यानं समोर उभ्या पोरीवर ठेववला नाही. राग याचा की तुमचा प्रश्न बरोबर होता. मोठमोठ्या शिकलेल्यांनी त्याच प्रश्नावर डोकं खपवलं. तुम्ही तो विचारला आणि लगेच लाल दौत उघडली. "माहीत नाही, पाहू" म्हणायला काय जात होतं तुमचं?

परवा नातीला हे सगळं तावातावानं सांगत होते. तिनं मोबाईलवरून मान वर केली. "आजी, तिन्ही उड्या तू स्वतः पाहिल्या?" मी पुस्तक मिटलं आणि हे पत्र लिहायला बसले.

मी एकच पाहिली, गुरुजी. बाकीच्या दोन मामेबहिणीनं सांगितल्या होत्या. त्या मी माझ्या म्हणून तुमच्यासमोर सांगितल्या, आणि साठ वर्षं तशाच सांगत आले.

पाकिटावर पत्ता काय घालू ते कळत नाही, म्हणून हे पत्र त्या माशाच्या पुस्तकातच राहील. तरी माझी ओळ वहीत परत लिहा, ती माझ्या हक्काची आहे. फक्त तीनच्या जागी एक करा. केलं की दोन ओळी लवकर लिहा.