वारुळावर नेम

२ मार्च
केसॉन सिटीत आले एकदाची! खोली खुराड्याएवढी आहे, पण खाली सकाळी गरम पांदेसाल पाव मिळतो, आणि नोकरी हवी होती तीच मिळाली. हेडसेट चढवून खेळायचा बंदुकांचा खेळ. त्यातली माती, झाडं, ऊन खरं वाटेल असं करणं माझ्याकडे. शेजारी बसणारा जेपॉय पहिल्याच दिवशी मला गावंढळ म्हणाला. म्हणू दे. त्याच्या झाडांच्या पानांना शिराही नसतात.

९ मार्च
खेळातल्या रानासाठी माझ्याच गावचं, वडासारखं पारंब्यांचं बालेते झाड आणि बुंध्याजवळचं वारूळ कॅमेऱ्यांनी सगळ्या बाजूंनी टिपून आणलं. वारुळात नूनो राहतो, वीतभर उंचीचा तापट म्हातारा; घराला धक्का लागला की माणसाचं अंग सुजवतो. जवळून जाताना ताबी-ताबी पो म्हणायचं, म्हणजे आजोबा, जरा वाट द्या. मी म्हटलं. बरोबर आलेला जेपॉय म्हणाला, मुंग्यांची परवानगी काढतेस तर पावतीही घे.

१६ मार्च
वारूळ झकास जमलंय. गोळी लागली की मातीचा कण न् कण वेगळा उडतो. सगळं ऑफिस शत्रू सोडून त्याच्यावरच नेम धरतंय. मला ते बघवत नाही. आमचे प्रमुख सर अर्नुल्फो यांना सुचवलं, खेळाडू रानात शिरला की त्याच्या तोंडी ताबी-ताबी पो घालू या. ते म्हणाले, बंदूक घेऊन आलेला माणूस कधी परवानगी मागतो का, पोरी.

१९ मार्च
जेपॉयचं चाप ओढायचं बोट वांग्यासारखं सुजलंय, काळंनिळं. डॉक्टरांना काही कळत नाही. सकाळी खेळातलं वारूळ गुडघ्याएवढं होतं, दुपारी कमरेएवढं. मी वाढवलेलं नाही. कुणीच नाही.

२१ मार्च
वारूळ खेळातून पुसून टाकलं. पुन्हा आहे. सर म्हणाले, ही माझीच थेरं. जेपॉय आता डाव्या हाताने त्यावर गोळ्या झाडतो, मुद्दाम माझ्याकडे बघत. दुसरा हातही सुजो मेल्याचा. पण माझा डोळाही सुजायला लागलाय— डोळे गेले तर मी काय करू? मला दुसरं येतं काय?

२३ मार्च
उद्या खेळ बाजारात. लाखो लोक, सगळे बंदुका घेऊन— आईला फोन केला. ती म्हणाली, नूनोचं घर तू उचलून आणलंस, माफी तूच माग, आणलंस तिथेच जाऊन. म्हणजे खेळात.

२४ मार्च
हेडसेट चढवून आत गेले. नूनो वारुळावर बसला होता. गुडघे टेकले, थोरांच्या पाया पडावं तसा त्याचा हात कपाळाला लावला. तो म्हणाला, घर एवढं आवडलंय ना तुला, मग तूच राहा. आणि उठून चालू लागला.

हेडसेट काढलाय. मांडीवर आहे. समोर खोलीची भिंत हवी. झाड आहे—

पाय वारुळाच्या मातीत. निघत नाहीत—

खेळ सुरू झाला वाटतं. पावलं. किती ती. नुसतं एकाने म्हणावं— कुणी नाही—

पुढे जेपॉय आहे. डाव्या हाताने नेम— जेपॉय, तू ऐकले होतेस ते शब्द, तुला येतात, म्हण ना, नुसतं ताबी—