ग्रीनचं पाणी टाकीत

आबा,

आज कारखान्याच्या गोल्फ मैदानावर एक टँकर आला. बाराशे रुपये, गवतासाठी. मैदान राखायचं काम आता आमच्या बचत गटाकडं आहे आणि हिशोब माझ्याकडं, म्हणून पावतीवर सही मीच केली. पाणी मात्र गवताला घातलं नाही. फाटकाबाहेरच्या वस्तीच्या टाकीत सोडायला लावलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, माझी पोरं संसाराला लागली, तरी हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत आपणच सांगावं असं वाटलं.

टँकरवाले चाचा घाबरले. "आपा, पावतीवर मैदान लिवलंय. उद्या मला इचारलं तर?" म्हटलं, "सही माझी हाय, मलाच इचारतील." ते म्हणाले, "गवत तक्रार करंल की!" म्हटलं, "करू द्या, त्याच्याकडं फोन न्हाई." टाकीपुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या पदर तोंडाला लावून हसल्या. फोन कारखान्याच्या साहेबांकडं होता, तो आला. "ताई, पाहुणे खेळायला यायचेत. गटाला काम पाहिजे का नको?" मी म्हटलं, "काम पाहिजे साहेब. पण प्यायचं पाणी गवताला घालून नको. गेस्ट हाउसचं सांडपाणी वळवून द्या, रोज घालते." उद्या बैठक आहे. काम जाईल बहुतेक. गटातल्या बायकांना मी आधीच विचारलं होतं. एकीनंही मान फिरवली नाही.

तुम्ही असता तर फिरवली असती. आठवतं, मी सातवीत आहे, पावसाळा असाच कोरडा चाललाय, उद्या गणपती बसायचे आणि बांधावरची हरळी जळून गेलेली. दुर्वा आणायच्या कुठून? मी कुंपणातून आत शिरते, शेवटच्या भोकाभोवतीच्या ग्रीनवर, त्या बारीक कापलेल्या हरळीवर, गुडघे टेकून एक जुडी काढते. तुम्ही मागं येऊन उभे. "कावून उपटलीस?" "देवाला." "ही देवाची न्हाई, कारखान्याची हाय." जुडी माझ्या हातातून घेतलीत आणि उकिडवे बसून एकेक काडी परत मातीत खोचलीत. ते ग्रीन तुम्हीच लावलेलं, मुळी-मुळीनं. त्या वर्षी आपला गणपती दुर्वांशिवाय बसला. तेवढं मी देवाला समजावून सांगितलं. पण त्याच वेळी तारेपलीकडं आई घागर घेऊन रांगेत उभी होती आणि अलीकडं तुमच्या हातात पाण्याचा पाइप होता, हे मला कुणाला समजावता आलं नाही. तुम्ही तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाहीत.

लोक अजून म्हणतात, असा इमानी माळी होणे नाही. खरंच आहे ते. तुमचं सगळं काम मी तुमच्यासारखंच करते. पावसाळ्यात गवत वाढेल तसं कापायचं, पाऊस सरला की चाळलेली वाळू पसरायची, थंडीत उन्हं यायच्या आत लांब बांबूनं दव झाडायचं, नाहीतर गवताला रोग धरतो. बांबूही तुमचाच, लग्नात भांड्यांबरोबर दिलेला. सासरी लई हसले होते. पण उन्हाळा आणि दुष्काळ मी तुमच्यासारखा राखणार नाही. कारखाना सभासदांचा म्हणता ना, मग त्या रांगेत कोण उभं आहे? देवासमोर मला हात जोडायचे असतात, आबा. ते पाइप धरलेले नकोत. काम गेलं तर जाऊ दे.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, पोथीत ठेवायचं आहे. एकच राहिलं. बाकीची सगळी ग्रीनं वाळली, पण त्या शेवटच्या ग्रीनच्या कोपऱ्यावर मी रोज संध्याकाळी घरचं भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी नेऊन ओतते. साहेबांना ठाऊक नाही, गटालाही नाही. तुम्ही खोचलेल्या काड्या तिथंच होत्या. तळहाताएवढी हरळी हिरवी आहे. परवा चतुर्थी, गणपती बसायचे. इतकं सगळं न विचारता केलं, पण तिथं हात घालायला जमत नाही. एक जुडी काढू का, एवढं उलट टपाली कळवा.