गुरुजींशिवाय सहल

रविवार, दिवेलागण

कॉलनीच्या फळ्यावर सकाळी मीच लिहिलं होतं: बुधवारी आंबागडची सहल, डबा सोबत आणावा. संध्याकाळच्या बैठकीत आम्ही सगळ्या पेन्शनरांनी ठरवलं की ढेंगे गुरुजींना न्यायचं नाही. मागच्या सहलीत गाडीतच त्यांची लघवी झाली होती. सांगायचं कोणी? मंडळाचा सचिव मी, म्हणून मी.

बैठक संपवून बाहेर पडलो, तर गुरुजी नवी टोपी घालून दारातच भेटले. "भाऊ, बुधवारी किती वाजता निघाचं?"

"सहल रद्द झाली, गुरुजी."

"काहून?"

"गाडीच नाही भेटली." किती सहज बोललो! मागे कोणीतरी खुदकन हसलं. मीही हसलो. का हसलो मी? ती टोपी बघून?

"जाऊ दे. माह्ये पायबी दुखूनच राह्यले," असं म्हणून ते फळ्याकडे गेले. खिशातला रुमाल काढून माझी सूचना पुसू लागले. "लोकं उगाच डबे करतीन ना!"

अक्षर न् अक्षर पुसलं त्यांनी. मी उभा राहून बघत होतो.

ते घरात शिरल्यावर मी खडू घेतला आणि तीच सूचना पुन्हा लिहिली. उद्या वाचतीलच ते. वाचू देत. निदान तोंडानं सांगावं तरी लागणार नाही.