दोन बटणांची प्रेस

वाळूज, छत्रपती संभाजीनगर
१२ नोव्हेंबर २०२५

प्रिय सम्यक,
जय भीम.

तू नांदेडला पोचलास, कॉलेजात पुन्हा तास घ्यायला लागलास, हे तुझ्या आईकडून, मुक्तामावशीकडून कळलं. इकडं सगळं ठीक, असं लिहायची रीत आहे. लिहिलं असं समज.

हातात फोन असताना सोम्या पत्र काय लिहितो, म्हणशील. फोनवर तुझा आवाज आला की मी भलतंच बोलून बसतो. कागद बरा, तो उलट विचारत नाय.

सुलेखाचे टाके शुक्रवारी निघतील. प्रेसखाली उजव्या हाताची चार बोटं गेली, अंगठा वाचला. डॉक्टर म्हणाले, नशीब समजा. नशीब म्हणे! मी रोज डबा घेऊन जातो. तुझी बहीण लई धीराची आहे. परवा मलाच म्हणाली, "दादा, तुम्ही जेवत नाय का? तोंड बघा कसं उतरलंय." मी तिच्या डब्याचं झाकण काढत बसलो.

आपल्या सहकारी संस्थेचं काम चालू आहे. पत्रा दाबायची प्रेस नंबर तीन तेवढी ताडपत्रीखाली झाकून ठेवलीय. कामगार कार्यालयाचे साहेब पुढच्या गुरुवारी, वीस तारखेला, जबाब घ्यायला येणारेत. कागद बद्रीनाथनं तयार केलेत. सेक्रेटरी आहे, त्याचं कामच ते.

काल छावणीत तुझ्या जुन्या खोलीवरून गेलो. तिथं आता मोबाईलचं दुकान झालंय. दर रविवारी तिथं किती भांडायचो आपण! तू म्हणायचास, इंग्लंडच्या गिरण्यांत वाफेचं यंत्र कोणी आणलं ते पोरं पाठ करतात, त्या गिरण्यांतला कापूस कोणी वेचला ते कोणी विचारत नाय. विकत घेतलेल्या माणसांनी वेचला. मी म्हणायचो, गुलामी गेली तरी भांडवलशाही चालूच आहे, म्हणजे गुलामीवाचून तिचं अडत नाय. तू म्हणायचास, ती गुलामी सोडत नाय, तिचं नाव बदलते. गुलामी बंद झाली तेव्हा इंग्रज सरकारनं भरपाई दिली ती मालकांना, गुलामांना दमडी नाय, हे तू सांगितलंस त्या दिवशी बद्रीनाथनं चहाचा पेला आपटला होता. आठवतं?

मग पर्याय काय, असं मी विचारलं, तर तू म्हणालास, मालक नसलेला कारखाना. आपल्या कंपनीनं कुलूप लावलं आणि आपण सतरा जणांनी भंगारातल्या तीन प्रेस घेऊन तो काढलासुद्धा. पुढं काम वाढलं, सात हेल्पर घेतले. त्यांना मत द्यायचं नाय असा ठराव झाला आणि तू संस्था सोडून नांदेडला शिकवायला गेलास. मी म्हणालो होतो, आधी धंदा उभा राहू दे, मग त्यांनाही सभासद करू. तू दारातून म्हणालास, "गुलाम राबवणारे मळ्यांचे मालक हेच सांगत होते, सोम्या. आत्ता नाय, थोडं थांबा."

त्या सातांत सुलेखा आली. तू गेल्यावर घर तिच्यावर आलं होतं. मीच घेतली तिला.

तिला बघायला आलास तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात तू मला विचारलंस, "प्रेसची दोन्ही बटणं चालू होती ना रे?" मी व्हय म्हणालो. त्यावरच लिहायला बसलो होतो. बद्रीनाथ हाका मारतोय, राहू दे.

तुझा
सोमनाथ


१५ नोव्हेंबर

सम्यक,

आधीचं पत्र फाडून टाक. बद्रीनाथनं हाका मारल्याच नव्हत्या.

तुला प्रेस समजावायची गरज नाय, तरी लिहितो, म्हणजे मला पळता येणार नाय. प्रेसला दोन बटणं, एकमेकांपासून लांब. दोन्ही हात दोन बटणांवर असले तरच साचा खाली येतो, म्हणून हात आत सापडत नाय. उजव्या बटणात पाचर ठोकली की एकट्या डाव्या हातानं प्रेस चालते, उजवा हात पत्रा सरकवायला मोकळा. माल दीडपट निघतो. जुन्या कंपनीत ही पाचर काढा म्हणून आपण गेटवर अकरा दिवस बसलो होतो.

दिवाळीच्या तोंडावर मोठी ऑर्डर अडली होती. नंबर तीनला पाचर मी ठोकली. बाभळीची, स्वतःच्या हातानं तासून.

याहून वाईट ऐक. ती किंचाळली तेव्हा सगळे तिच्याकडं धावले, मी बटणाकडं धावलो. आधी पाचर उपटून खिशात घातली, मग तिचा हात धरला. रक्त वाहत होतं रे. तरी आधी पाचर.

मग बद्रीनाथनं दवाखान्यातल्या खाटेवरच तिचा जबाब घेतला. "बटणं नीट होती, माझंच लक्ष नव्हतं." सहीला उजवा हात नाय, म्हणून डाव्या अंगठ्याला शाई लावली. बी.कॉम. झालेली पोरगी! मुक्तामावशी पायाशी बसली होती. म्हणाली, "आमच्या घरात अंगठा लावणारी मीच शेवटची, असं वाटलं व्हतं." त्याखाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे.

काल बद्रीनाथला म्हणालो, मी खरं सांगतो. तो म्हणाला, "येड लागलं का? तिन्ही प्रेस सील व्हतील. एका हातापायी सोळा चुली विझवतो? अन् तुला आत टाकतील ते येगळंच." बद्रीनाथ वाईट माणूस नाय. त्याचंच मला भ्या वाटतं. मी तरी वेगळा कुठं होतो?

आज सकाळी सुलेखापुढं बसून सगळं सांगितलं. रडलोही.

"माहितीय मला," म्हणाली. "पाचर पहिल्याच दिवशी बघितली होती."

"मग बोलली का नाय?"

"दिवाळीनंतर सभासद करू, असं तुम्हीच म्हणला होतात, दादा. बोलले असते तर केलं असतं?"

सगळी वर्षं गुलामीवर तोंड वाजवलं मी, आणि ती माझ्या शब्दापायी गप बसून हात आत घालत राहिली.

गुरुवारी अकरा वाजता मी खरा जबाब देणार आहे. संस्था बुडेल, मला वाटतं. बायकोला अजून सांगितलं नाय. मालक नसलेला कारखाना होतो का नाय, यावर बोलायचं तोंड मला राहिलं नाय.

तू ये. माझ्यासाठी नको. ती जबाब बदलणार आहे, ती सांगेल तसाच लिहून घेणारं माणूस पाहिजे. पुन्हा अंगठा लावणार नाय म्हणते. डाव्या हातानं सही गिरवत होती. मी निघेपर्यंत 'सु'च्या पुढं गेली नव्हती.

मित्र म्हणून नाव लिहायचा हक्क मला नाय. गुरुवारी साहेबांपुढं जे लिहीन, तेच इथं लिहितो.

पाचर मी ठोकली.
सोमनाथ पुंजाराम औताडे