डाव्या पंखावरचं ठिगळ

३ मार्च

चि. बापूस,
आशीर्वाद. लिहायला हात वळत नव्हता, तरी लिहितेय.

तुझ्या बायकोच्या पत्रातला फोटो पाहिला आणि अंगाचा तिळपापड झाला. अप्पा युद्धात ज्या लढाऊ विमानावर फिटर होते, त्याचं मॉडेल मी चौदा महिने खपून जोडलं. माजी हवाई सैनिकांच्या मेळाव्यात मांडायला म्हणून तू मागून नेलंस आणि पाट्या रंगवणाऱ्याकडून त्यावर चकचकीत हिरवा रंग मारून घेतलास! मला एका शब्दाने विचारलं नाहीस. मेळावा अजून आठ दिवसांवर आहे. ते ध्यान तिथे मांडू नकोस. आज यापुढे लिहवत नाही.

तुझी अक्का

६ मार्च

ती. अक्कास,
शि. सा. नमस्कार.

पत्र वाचलं. कसला हा तोफखाना! विमान मळकट दिसत होतं. धुराड्यामागे काजळी, पोटाखाली तेलाचे ओघळ, डाव्या पंखावर भलत्याच रंगाचा चौकोन. बघणाऱ्यांना वाटलं असतं, रंग पुरला नाही. अप्पांचा जन्म तेलकट कपड्यांत गेला. एकदा तरी त्यांच्या नावाचं काही लखलखीत दिसावं असं मला वाटलं, तर माझं काय चुकलं? अप्पा तुझ्या एकटीचे वडील नव्हते. विमान मांडणार. राग आवरावा.

तुझा बापू

८ मार्च

चि. बापूस,
आशीर्वाद आहेतच, तुझी लायकी नसली तरी.

तो भलत्याच रंगाचा चौकोन म्हणजे ठिगळ होतं. पंखाला मूठ जाईल एवढं भोक पाडून घेऊन वैमानिक परतला. अप्पांनी दुसऱ्या मोडक्या विमानाचा पत्रा कापला, भोकावर रिव्हेट मारून बसवला आणि त्याच दुपारी विमान पुन्हा उडालं. पत्रा रंगवायलाही वेळ नव्हता. अंथरुणाला खिळल्यावर अप्पांनी हे दहादा सांगितलं, तुझ्यासमोर. तू पेपरात डोकं घालून हं हं करत होतास. ते डाग म्हणजे त्यांची नोकरी होती रे. तुला त्यांची लाज वाटली, आणि वर मलाच शहाणपण शिकवतोस! मांड, खुशाल मांड.

अक्का

१२ मार्च

ती. अक्कास,
साष्टांग नमस्कार. या वेळी खरोखरच.

काल मेळाव्याला काठी टेकत एक वृद्ध वैमानिक आले. रंगाऱ्याने शेपटीवर तसाच ठेवलेला आकडा वाचून म्हणाले, हे माझंच विमान. मग चष्मा वर करून डावा पंख न्याहाळला आणि ठिगळ कुठे गेलं म्हणून विचारलं. मी बुजवून टाकलं, असं मला सांगावं लागलं. त्यांनी पंखाची ती जागा बोटाने चाचपली. मग म्हणाले, ते लावणाऱ्याचं नाव मी तेव्हा विचारलंच नाही, घाईत होतो. मी अप्पांचं नाव सांगितलं. त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं. मी जिन्यात जाऊन बसलो आणि लहान मुलासारखा रडलो.

आज रंग काढायला थिनर लावला, तर पंखाचं टोक वितळलं. तू बोलशील ते ऐकून घेईन.

बापू

१४ मार्च

चि. बापूस,
आशीर्वाद.

प्लास्टिकवर थिनर! अरे बैलोबा, डबीवर लिहिलेलं तरी वाचायचं होतंस. आता बोटही लावू नकोस. रविवारी सकाळी खोक्यात घालून घेऊन ये आणि अंगावर जुना शर्ट घाल. घासायचं काम तुझं, मी फक्त ओरडणार आहे. राग उतरलेला नाही, उतरेल या भरवशावर येऊ नकोस.

त्या वैमानिकांचा पत्ता मात्र नक्की आण. मला त्यांना पत्र लिहायचंय. त्या दुपारी ते परत उतरेपर्यंत अप्पा धावपट्टीच्या कडेला उन्हात उभे होते. सगळ्यांनी जेवायला हाका मारल्या, पण ते हलले नाहीत. हे त्यांना कुणीच सांगितलं नसेल.

लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझी अक्का