व्यायामवर्गाचा ध्वनिविभाग

२ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून हिच्या व्यायामवर्गाचा ध्वनिविभाग मी अधिकृतपणे ताब्यात घेतला. ही म्हणाली, बरं. आनंद झाला असावा.

वर्ग सकाळी बागेत भरतो, फक्त बायकांचा. आजवर ही मोबाइलवर गाणी लावायची. मधेच कुणाचा तरी फोन यायचा आणि सगळ्या बायका हात वर करून तशाच उभ्या. हे चालायचं नाही. मुलीचा जुना, खिशात मावणारा गाण्यांचा प्लेअर कपाटात पडून आहे. त्याला छोटा स्पीकर जोडायचा. बागेत प्लग नाही, म्हणून स्पीकर सेलवरचा. सेल रिचार्जेबल. निवृत्त झाल्यापासून या घरात माझ्यावाचून काही अडत नाही, हे मला फार लागतं. आता अडेल.

४ फेब्रुवारी, बुधवार
स्पीकर आणला. साबणाच्या डबीएवढा. दुकानदार म्हणत होता, उघड्यावर वापरायचा तर मोठा घ्या, चाकांचा. मी म्हटलं, आम्हाला व्यायाम करायचाय, मिरवणूक नाही काढायची.

सेल आणि चार्जरही घेतला. चार्जरला लाल दिवा आहे. सेल भरले की दिवा आपोआप विझतो. इतकं सोपं.

रात्री सेल लावले आणि नेहमीसारखं घरभर फिरून सगळी बटणं बंद केली. विजेची शिस्त या घरात मला एकट्यालाच आहे.

५ फेब्रुवारी, गुरुवार, सकाळी
उठल्या उठल्या पाहिलं. दिवा विझलेला. सेल फुल्ल.

त्याच दिवशी, दुपारी
वॉर्मअप संपायच्या आत आवाज घोगरा झाला, मग बसलाच. हिने तोंडाने आकडे मोजत वर्ग पुरा केला. मी मागे उभा राहून स्पीकर हलवत होतो. नव्या सेलना रुळायला वेळ लागतो. ऑफिसात मलाही लागला होता.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
काल रात्री पुन्हा लावले. सकाळी दिवा विझलेला. बागेत स्पीकरने एकदा खर्र केलं आणि संपलं. दुकानदाराने फसवलं.

७ फेब्रुवारी, शनिवार
मोठी बातमी. वाचनालयाच्या वरचा हॉल हिच्या वर्गाला मिळू शकतो. पावसाळ्यात बागेतला वर्ग बंद पडतो, आणि एकदा बंद पडला की निम्म्या बायका परत फिरकत नाहीत. वाचनालयाच्या सेक्रेटरी बाई पुढच्या रविवारी बागेत येऊन वर्ग पाहणार आणि ठरवणार.

ही आज दिवसभर स्वतःशीच पुटपुटत होती. संध्याकाळी माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, "अहो, आजवर जे केलं ते सगळं घराचं होतं. हे एक माझं आहे. रविवारी गोंधळ नको."

मला भरून आलं. सगळी भिस्त माझ्यावर आहे तिची.

९ फेब्रुवारी, सोमवार
सेल घेऊन दुकानात गेलो. दुकानदाराने मीटर लावून पाहिला, म्हणाला, हे रिकामे आहेत, चार्ज करता ना? मी म्हटलं, तुमच्या जन्माआधीपासून मी टॉर्च वापरतोय. तो म्हणाला, तसं नाही काका. पुढचं ऐकत बसायला मला वेळ नव्हता. सेलचा दुसरा संच घेऊन आलो. आता आळीपाळीने वापरायचे. एक संच कामावर, एक विश्रांतीला. प्रत्येक सेलवर मार्करने नंबर टाकला. माणूस पद्धतशीर असला की यंत्र आपोआप वठणीवर येतं.

१० फेब्रुवारी, मंगळवार
नवा संच. हातापायांचे व्यायाम निघाले, कंबर निघाली नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार
दोन्ही संच गेले. कुठला कामावर होता आणि कुठला विश्रांतीला, यावर आता माझाच विश्वास राहिला नाही.

वर्गात एक टोपीवाल्या बाई आहेत. त्यांनी मला पाहिलं आणि हिला विचारलं, आज मोजायचंच ना? मी अजून स्पीकर पिशवीतून काढलाही नव्हता. बायका हल्ली सुरुवातीपासूनच मोठ्याने मोजतात. सवय वाईट.

मुलीला फोन केला. ती म्हणाली, बाबा, सरळ चांगला ब्लूटूथ स्पीकर घ्या, नाहीतर आईला तिचं तिचं करू द्या. पहिल्या अर्ध्या वाक्याचा विचार करतो म्हटलं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
आज घरात एक अप्रिय प्रसंग घडला. रात्री मी बटणं बंद करत फिरत होतो, ही पाणी प्यायला उठली होती. माझ्या मागे उभी राहून बघत होती. म्हणाली, "चार्जरचं बटण पण बंद केलंत."

मी म्हटलं, अर्थात.

तिने बटण चालू केलं आणि झोपायला गेली. मी बराच वेळ त्या लाल दिव्याकडे बघत बसलो. दिवा दोन कारणांनी विझू शकतो, हे चार्जरच्या डबीवर स्पष्ट छापायला हवं होतं. कंपनीला पत्र लिहिणार.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
स्पीकर खणखणीत वाजला! पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत. पण बायका इतक्या मोठ्याने मोजत होत्या की गाणं फक्त मला ऐकू आलं. टोपीवाल्या बाईंनी हात करून जरा हळू करायला सांगितलं. मत्सर असतो. असो, यंत्रणा सिद्ध झाली. रविवारची काळजी मिटली.

१४ फेब्रुवारी, शनिवार
पूर्वतयारी. प्लेअर तपासला. वायर तपासली. स्पीकर पुसला. सेल चार्जरला, बटण चालू. ही मधे येऊन बघून गेली. मी म्हटलं, तू निर्धास्त राहा. तिने मान हलवली, पण जाताना पुन्हा एकदा बटण पाहिलं. उद्या अगदी निघेपर्यंत सेल चार्जरवरून काढायचे नाहीत, म्हणजे काठोकाठ भरतील.

१५ फेब्रुवारी, रविवार
लिहावंसं वाटत नाही. पण घडलं ते लिहायचं, हा नियम.

सेक्रेटरी बाई वेळेच्या आधी आल्या, खुर्चीवर बसल्या, चष्मा लावला. ही पुढे उभी राहिली, माझ्याकडे बघून मान हलवली. मी नेहमीसारखा सगळ्यांच्या मागे होतो; बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. वायर काढून घातली. मग स्पीकरचं मागचं झाकण उघडलं. आत सेलच नव्हते. घरी, चार्जरमध्ये, काठोकाठ भरत होते.

मी हिच्याकडे पाहिलं. तिला माझ्या तोंडावरून कळलं. ती रागावली असती तर बरं वाटलं असतं. तिने फक्त नजर फिरवली आणि मोठ्याने म्हणाली, एक.

मी घराकडे धावलो. धावलो म्हणजे जमेल तसा. किल्ली लागेना. सेल घेतले, त्यातला एक हातातून निसटून कपाटाखाली गेला. काठीने ओढला तेव्हा कुठे आला. परत बागेत पोचलो तर खुर्ची रिकामी होती आणि बायका घोळक्याने बोलत उभ्या होत्या. मी घामाने भिजलेला, मुठीत सेल. माझ्याकडे कुणी पाहिलंही नाही. एका माणसाला एवढी एकच गोष्ट सांगितली होती. मला रडू येत होतं, पण बायकांसमोर कसं रडणार, म्हणून सेल बसवत राहिलो. स्पीकर लागला. ही येऊन म्हणाली, बंद करा ते.

घरी आल्यावर जेवलो नाही. तीही फार जेवली नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
हॉल मिळाला.

सेक्रेटरी बाईंचा फोन आला होता. हिने तो जसाच्या तसा सांगितला. हॉलच्या खाली वाचनाची खोली आहे. आजवर जो कुणी हॉल मागायला आला तो स्पीकर घेऊन आला, म्हणून कुणालाच दिला नाही. इथेही नाहीच म्हणायच्या तयारीने आल्या होत्या. पण त्यांना वाटलं, या बाई नुसत्या मोजून वर्ग घेतात, गाणी नाहीत, गोंगाट नाही. अशाच वर्गाची आम्ही वाट पाहत होतो. अट एकच. मोजायचं तेही हळू. स्पीकर, प्लेअर, मोबाइल, काही म्हणजे काही वाजवायचं नाही.

थोडक्यात, हॉल ध्वनिविभागामुळेच मिळाला. मी हिला तसं म्हटलं. ती हसली. इतक्या दिवसांनी हसली म्हणून मीही हसलो. रात्री पडल्या पडल्या लक्षात आलं की विभागच राहिला नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार
हिला सुचवलं की हॉलमध्ये मी खिडक्या उघडण्याचं काम बघेन. ती म्हणाली, हॉल वर्गाच्या वेळी फक्त बायकांसाठी आहे. मी म्हटलं, मग वर्ग सुरू व्हायच्या आधी उघडेन. ती म्हणाली, अहो, खिडक्यांना पंखा आहे. तिला पंख्यामुळे खिडक्या लागत नाहीत असं म्हणायचं असावं. ती घाईत होती. तिला बायकांना फोन करायचे होते.

२ मार्च, सोमवार
आज हॉलमधला पहिला वर्ग. हिला सोडायला दारापर्यंत गेलो, पिशवी उचलायला हात पुढे केला. पिशवी नव्हती. पाण्याची बाटली होती, ती तिने धरली होती. सकाळ फार मोठी गेली.

परत आली ती चेहरा उजळलेला. बसायच्या आत बोलायला लागली. नव्या बायका आल्या, जमिनीला फरशी छान आहे, आवाज भरून येतो, सेक्रेटरी बाई स्वतः खालून वर येऊन सगळ्यात मागे उभ्या राहिल्या. मी सगळं ऐकून घेतलं. चहा मीच केला.

मग सहज विचारतोय असं दाखवून विचारलं, कुणी माझी चौकशी केली का? ती आठवू लागली. बराच वेळ आठवत होती. मग म्हणाली, हो, टोपीवाल्या बाईंनी केली. म्हणाल्या, बागेत मागे स्पीकर दुरुस्त करत उभे असायचे, ते मेकॅनिक हल्ली दिसत नाहीत.

मी विचारलं, मग तू काय सांगितलंस?

ती चहाचा कप ठेवत म्हणाली, "म्हटलं, ते आमच्याकडेच असतात."